दोघी जावा, एक गोळी

प्रयोगशाळेत थोरली जाऊ इंधनाची गोळी घडवायची आणि धाकटी त्या गोळीवर लेसर सोडायची. मिरीच्या दाण्याएवढी ती पोकळ गोळी चहूबाजूंनी सारखी दाबली गेली, की आतला हायड्रोजन एकजीव होऊन सूर्यासारखी ऊर्जा देणार. पण गोळ्या वर्षानुवर्षं एका अंगाला चेपत होत्या. "गोळीच वाकडी," असं धाकटी म्हणे. "झोतच लंगडे," असं थोरली. घरीही तोच तमाशा. नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, मूग गिळून बसत.

एके दिवशी थोरलीच्या हाती आलेली गोळी एका बाजूनं जाड निघाली. दुसरी घडवायला मुदत मागावी, तर धाकटी भर बैठकीत फिदीफिदी हसणार. त्यापेक्षा गेली खड्ड्यात, म्हणून तिनं तीच बसवली. लेसर सुटले, आणि काय आक्रीत! गोळीवर ओतली त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडली. संचालकांनी दोघींना शेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत दोघी नुसते दात दाखवत होत्या.

लगेच वरून हुकूम आला, पुन्हा करून दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं. या खेपेला थोरलीनं जीव ओतला. सूक्ष्मदर्शकाखाली गोळी फिरवफिरवून पाहिली, खोट म्हणून सापडेना. लेसर सुटले. फुसका बार!

पडद्यावर एका अंगानं चेपलेली गोळी दिसली आणि थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोळीची जाड बाजू दाबायला जोर जास्त लागतो. म्हणजे त्या दिवशी नेमके त्याच बाजूचे झोत जास्त जोराचे होते. आजही आहेत. सटवीनं इतकी वर्षं लपवलं! थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण हे सिद्ध करायचं, तर आधी आपली जाड गोळी कबूल करायला हवी. तिनं मान वळवली. धाकटी तिच्याकडेच बघत होती, आणि तिलाही सगळं उमगलं होतं.

"त्या दिवशी काही वेगळं होतं का?" संचालक काकुळतीला आले होते. "मी कोणाला बोल लावणार नाही. चूक असली तरी सांगा, तीच पुन्हा करू."

सगळं आयुष्य याच गोळीपायी घातलं होतं थोरलीनं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण हिच्यासमोर?

"नाही साहेब. गोळी नेहमीसारखीच होती."

"झोतसुद्धा," धाकटी म्हणाली. "जाऊबाई सांगतात ते अगदी खरं आहे."

इतक्या वर्षांत धाकटीनं तिची बाजू घेतली ती तेवढी एकदाच. महिना सरायच्या आत प्रयोगशाळेला टाळं लागलं.