बोट नसलेला आय-आय

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. नाशिक रोडच्या एका शाळेत, नकाशांच्या कपाटामागे मला भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं आहे. माझ्यावर आय-आय नावाचा प्राणी रंगवलेला आहे. हा माकडांच्या नात्यातल्या लेमूरांच्या कुळातला, दूर मादागास्कर बेटावरचा, आणि जगात आता फार थोडे उरलेत. मला बघून भली भली माणसं घसा खाकरून पुढे जात. त्याला कारण घडलं ते ऐका.

१९९८ साली शाळेत 'संकटातले प्राणी' असं प्रदर्शन भरणार होतं. एका तक्त्यावर एक चित्र आणि खाली एकच वाक्य, असा नियम होता. माझं काम विज्ञानाच्या दीपमालाबाईंकडे आलं. त्यांनी पुस्तकं चाळून दोन गोष्टी काढल्या. एक म्हणजे, आय-आय आपल्या काडीसारख्या मधल्या बोटाने झाडावर टकटक करतो, पोकळ आवाज आला की लाकूड कुरतडतो आणि त्याच बोटाने आतली अळी ओढून खातो. दुसरी गोष्ट त्या बोटाला घाबरणाऱ्या माणसांची. बाई स्वतःशीच म्हणाल्या, "अळीचं कोण वाचणार?" आणि त्यांनी दुसरी निवडली. हेतू चांगलाच होता हो. मुलांनी क्षणभर थांबावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मला रंगवलं वसीमने. तो एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. "बाई, बोट असं काढतो की बघणारा जागेवर खिळला पाहिजे," असं म्हणून त्याने ते लांब, काळं बोट थेट समोर रोखलेलं काढलं. अशा चित्रात एक खोड असते. डावीकडे जा, उजवीकडे जा, बोट तुमच्यावरच. कोपऱ्यात कुंचला धुताना वसीमने दोनदा मागे वळून पाहिलं आणि वाळायला ठेवताना मला पालथं घातलं. मोठ्या लाल अक्षरांत त्याने लिहिलं होतं, 'हा ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो मरतो'. मग जागा संपली. 'असं तिथले लोक मानतात' हे शब्द त्याने खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बसवले.

प्रदर्शनात माझ्यापुढे सगळ्यांत जास्त गर्दी होती. पण मुलं एकमेकांचे हात धरून, मान खाली घालून माझ्यासमोरून सरकत होती. मला बक्षीस मिळालं आणि मी फुगलो. कशाचं बक्षीस, हे तेव्हा मला कळलं नाही.

त्या गर्दीत सहावीतली छाया होती. एकलहऱ्याच्या बाजूला तिच्या घरची भाजीची शेती. कडेवर तिचा सहा महिन्यांचा भाऊ, समर्थ. छायाने लाल अक्षरं वाचली, वर पाहिलं. तेवढ्यात बाळाने मान वळवली आणि ते टक लावून माझ्याकडे बघू लागलं. मला तर डोळे मिटता येत नाहीत. छायाने बाळाचं तोंड ओढणीखाली झाकलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या संध्याकाळीच बाळाला ताप भरला.

प्रदर्शन संपल्यावर मला सहावीच्या वर्गात टांगलं होतं. तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात छाया आली. वीज गेलेली, पंखा थांबलेला, कुठे चिटपाखरू नाही. तिने बाकावर चढून कंपासपेटीतला कर्कटक काढला. माझ्याकडे न बघता, चाचपडत, तिने ते बोट मुळापासून टराटरा फाडलं. मित्रांनो, मी कागदच, पण तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

दीपमालाबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. छाया म्हणाली, "बाई, ते बाळाकडंच बघत व्हतं. आम्ही तर कोवळ्या दोडक्यालाबी बोट दाखवत नाय, कुजतो म्हणून. ह्ये तर बाळ हाय."

बाईंचा चेहरा उतरला. पण खरी पंचाईत पुढेच होती. दुसऱ्या दिवशी बाळाचा ताप उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. छाया हसत आली. "बोट कापलं आन् ताप गेला, बाई!" वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरा मला अजिबात आवडल्या नाहीत.

बाईंनी छायाला माझ्यासमोर बसवलं. "तिथले लोकही हेच म्हणतात, छाया. दिसला की मारतात. त्यांच्याकडे कागद नसतो, खरं जनावर असतं. चूक माझीच. मी तुम्हाला त्याची भीती सांगितली, त्याच्याबद्दल काही सांगितलंच नाही." मग त्यांनी त्या बोटाचं काम सांगितलं. स्वतःच्या मधल्या बोटाने बाकावर टकटक करून दाखवलं.

छाया माझ्या फाटक्या हाताकडे बघत राहिली. तिने विचारलं, "मंग आता ह्यो खाईल कशानं?"

बाईंनी लाल अक्षरांवर पांढरा कागद चिकटवला आणि छायाच्याच हातात पेन दिलं. तिने लिहिलं, 'हा मधल्या बोटाने झाडातली अळी काढून खातो'.

पुढे छपाईचे गुळगुळीत तक्ते आले. २००६ साली मी कपाटामागे गेलो. धूळ खातो, वाळवीची वाट बघतो. तक्रार नाही. फक्त एवढं मागतो, मित्रांनो. एखाद्या मुक्या जिवाची ओळख करून द्याल, तेव्हा तो काय खातो ते आधी सांगा. आपण त्याला किती घाबरतो, ते मागाहून सांगितलं तरी चालेल.