नाचाच्या टेकडीवरचे सीडर

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. बंदूक म्हटल्यावर तुम्ही दोन पावलं मागं सरला असाल. हरकत नाही. पण मित्रांनो, माझ्यात आता काडतूस नाही. माझा डावा चाप अडकतो, दस्त्याला तडा गेलाय आणि त्या तड्यावर तांब्याची तार गुंडाळली आहे. एका जुन्या पिकअप गाडीच्या मागच्या काचेला लावलेल्या दोन आकड्यांवर मी आडवी पडून असते. ऊन लागतं, धूळ बसते. माझं कौतुक करणारी बहुतेक माणसं मेली.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. नळ्या चांगल्या आहेत, हे मी अजूनही ठासून सांगते. माझ्या बाजूच्या पत्र्यावर कारागिराने पक्ष्याचा माग काढणारा कुत्रा कोरला आहे. घाईत कोरला असावा, कारण तो डुकरासारखा दिसतो. थोरल्या वोंद्रांनी मला विकत घेतलं ते हसत हसतच. पुढे त्यांचा मुलगा एमिल लष्करातली नोकरी संपवून घरी आला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मारशील तेवढं खा, आणि खाशील तेवढंच मार." एमिलने तो शब्द पाळला.

आमचं घर नेब्रास्कात, लूप नदीच्या उत्तरेला. सगळा माळ. गुडघ्याएवढं गवत, वारा आणि गुरं. या माळावर एक तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा पक्षी राहतो, त्याला मी माळकोंबडा म्हणेन. एप्रिलमध्ये पहाटे हे कोंबडे एका ठरलेल्या टेकडीवर जमतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आवाज काढतात. दोन मैलांवर ऐकू जातो तो. कोंबड्या येतात, जणू दुसऱ्याच कामाने निघाल्यासारख्या मधून फिरतात आणि त्यातला एखादा पसंत करतात. आमच्या रानातल्या त्या टेकडीला सगळे नाचाची टेकडी म्हणत. तिथं कुणी कधी गोळी झाडली नाही. शिकार शरद ऋतूत, खाली ज्वारीच्या कापल्या शेतात.

शिकारीच्या पहिल्या दिवशी एमिलची बायको अल्बिना सगळ्यांना न्याहारी घालायची. कोलाचे, म्हणजे आळुबुखाऱ्याचं सारण भरलेले गोड पाव, डुकराचे सॉसेज, कॉफी. दहा-बारा बंदुका दाराशी भिंतीला टेकून उभ्या असत आणि मी पहिली. शेजारचा लँबर्ट शोनेका दरवर्षी तेच म्हणायचा.

"एमिल, तुझ्या बंदुकीवरचं ते डुक्कर बघून पक्षी हसतात. हसता हसता तुझा नेम चुकतो."

"माझा नेम चुकतो? गेल्या वर्षी स्वतःची टोपी कोणी उडवली होती रे?"

"टोपी जुनी होती," लँबर्ट म्हणायचा आणि चौथा कोलाचा उचलायचा.

ते माझे सुखाचे दिवस. एमिल मला रोज पुसायचा. मारलेला पक्षी घरी आणला की आधी त्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी कापून बशीत उपडी करायचा. रानगुलाबाची फळं, टोळ, ज्वारीचे दाणे. पक्षी काय खातो, कुठं फिरतो, हे तो त्या बशीतून शिकला. एप्रिलमध्ये टेकडीपाशी गाडी उभी करून तो कोंबडे मोजायचा. माझ्या आठवणीतला सगळ्यात मोठा आकडा एक्केचाळीस.

मग एक फार वाईट हिवाळा आला. आधी पाऊस पडला, तो पडता पडताच गोठला, वर तीन फूट बर्फ. वितळल्यावर कुंपणाच्या कडेने मेलेले पक्षी सापडले. त्या एप्रिलमध्ये टेकडीवर एकोणीस आले. एमिल गाडीत बसून रडला. मी त्याच्या डोक्यामागेच होते, मला माहीत आहे.

शिकारी मंडळींची बैठक लँबर्टच्या कोठारात भरली. पक्ष्यांना वाऱ्यापासून आडोसा हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आडोसा म्हणजे झाडं. आमच्याकडे झाड लावणाऱ्याला कुणी चूक म्हणत नाही. झाडं लावण्याचा तर सणच असतो. यांचे आजे-पणजे बोहेमियातून या उघड्या माळावर आले, तेव्हा त्यांनी घराचं छप्पर नीट व्हायच्या आधी झाडं लावली. उघडा माळ म्हणजे अपुरं राहिलेलं काम, असं ही माणसं मानतात. माझा एमिलही तसंच मानायचा. त्याने सीडरची बाराशे रोपं आणली. सुरूसारखं टोकदार, बारमाही हिरवं झाड. नाचाच्या टेकडीच्या पायथ्याला सहा रांगा आखल्या. पक्ष्यांवरच्या मायेने आखल्या, हे लक्षात ठेवा.

लावली मात्र अल्बिनाने. आणि तो उन्हाळा कोरडा गेला. एमिल गवत कापायला दिवसभर बाहेर, मुलगी मार्लीन जेमतेम सहा वर्षांची. अल्बिना दुधाचे दोन कॅन भरून पाणी न्यायची, रोज संध्याकाळी, रांगेमागून रांग. तिला पाचवा महिना होता. एमिल म्हणायचा, "मी आल्यावर घालतो पाणी." ती म्हणायची, "तू येईपर्यंत माना टाकतील ती."

ऑगस्टमध्ये मूल गेलं. मुलगा होता. चर्चमागच्या दफनभूमीत एक लहानसा दगड आहे, त्यावर फक्त आडनाव. तिसऱ्या दिवशी अल्बिनाने पुन्हा कॅन उचलले. एमिलने ते तिच्या हातातून काढून घ्यायचा प्रयत्न केला.

"राहू दे गं."

"झाडांनी काय केलंय?" ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात झाडांविषयी कुणी वेडंवाकडं बोललं नाही. बाराशेपैकी बहुतेक सगळी जगली.

झाडं वाढली. एका शरद ऋतूत मी पाडलेल्या लावा पक्ष्याच्या दाण्याच्या पिशवीतून निळसर गोळ्या निघाल्या. सीडरची फळं. एमिल ती बशी घेऊन घरभर नाचला. "अल्बिना, बघ! तुझी झाडं खातायत पक्षी!" ती बशी त्याने लँबर्टलाही नेऊन दाखवली. पक्षी ती फळं खातात आणि बिया माळभर टाकतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दोन-चार वर्षांत गवतात हिरवी बोटं दिसू लागली. अल्बिनाला आनंद झाला. आपोआप आलेली झाडं कुणाला नको असतात?

आधी दर वसंतात शेजारीपाजारी मिळून माळ जाळायचे. जळल्यावर पंधरा दिवसांत कोवळं गवत यायचं आणि असली रोपं राख व्हायची. एमिलने आपल्या रानात जाळणं बंद केलं.

"अरे, न जाळता गवत फुटणार कसं?" लँबर्टने विचारलं.

"तिथं अल्बिनाची झाडं आहेत."

"मग मी काही बोललो नाही," लँबर्ट म्हणाला. आणि खरंच पुढे बोलला नाही. चांगला शेजारी होता तो. थोडा वाईट असता तर बरं झालं असतं.

टेकडीवर एकोणिसाचे चोवीस झाले होते, मग सोळा झाले, मग अकरा. एमिलने कोल्ह्यांना दोष दिला, मक्यावरच्या औषधांना दिला आणि शेवटी मला दिला. एक दिवस मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्याने माळ्यावर टाकलं. "आपणच मारून संपवले," तो म्हणाला. अकरा वर्षं मी तिथं पडले. चाप तेव्हा गंजला. मित्रांनो, मी पक्षी मारले आहेत, ते मी नाकारत नाही. पण माझ्या नळ्या अकरा वर्षं गार होत्या आणि तरी पक्षी कमीच होत गेले. मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की दोष शोधायला माळ्यावर कशाला चढतोस, खिडकीतून बाहेर बघ.

ते सांगितलं मार्लीनने. ती शिकली, गवताळ रानांची पाहणी करणारी नोकरी धरली आणि चाळिशी उलटल्यावर परत आमच्या भागात आली. आल्याबरोबर तिने मला खाली काढलं, पुसलं आणि गाडीच्या आकड्यांवर टांगलं. मग एप्रिलच्या एका पहाटे ती बापाबरोबर टेकडीवर गेली. नऊ कोंबडे नाचत होते. एकदम सगळे जमिनीला चिकटून बसले.

"बाबा, वर बघा."

सर्वांत उंच सीडरच्या शेंड्यावर ससाणा बसला होता.

"माळकोंबडीला उंच काही दिसलं की ती त्याच्या आसपास घरटं घालत नाही," मार्लीन म्हणाली. "तिला वाटतं, तिथं ससाणा असेल. आणि तिचं काही चुकत नाही. त्यांना आडोसा नको होता, बाबा. त्यांना उघडा माळच हवा होता. आता तर सगळा माळ सीडरने भरलाय."

एमिलने त्या शेंड्याकडे बघितलं. "तोडायची म्हणतेस?"

"सगळी. पायथ्याची आधी."

"मग तुझ्या आईला तू सांग."

"मी? मी नाही. त्या उन्हाळ्यात मी तिच्या मागे रिकामा डबा घेऊन चालत होते. तुम्ही सांगा."

दोघांनीही सांगितलं नाही. दोन वसंत असेच गेले. या दोन वर्षांचा मला फार राग आहे. नवाचे चार झाले.

तिसऱ्या एप्रिलमध्ये अल्बिना आपणहून गाडीत येऊन बसली. कंबर गेली होती, चढायला तिला बराच वेळ लागला. टेकडीपाशी तिने चार कोंबडे बघितले, झाडं बघितली.

"मला दोघं मिळून किती दिवस लहान मूल समजणार आहात?" ती म्हणाली. "मार्लीनचे कागद टेबलावर पडलेले असतात. मला वाचता येतं."

एमिलने डोक्यावरची टोपी काढली.

"तोड."

"अल्बिना, ती झाडं—"

"ती झाडं आहेत, एमिल. मूल दफनभूमीत आहे."

त्या हिवाळ्यात तोडणी झाली. लँबर्ट यांत्रिक करवत घेऊन आला, शेजारची आणखी चौघं आली. सीडर आतून लालभडक असतो आणि कापताना कपड्यांच्या जुन्या पेटीचा वास येतो. अल्बिना रोज येऊन गाडीत माझ्यापुढे बसायची. काचा बंद करून रेडिओवर पोल्का नाचाची गाणी मोठ्याने लावायची, करवत ऐकू येऊ नये म्हणून. तरी ऐकू यायची. दुपारी लँबर्ट काचेवर टकटक करून म्हणायचा, "बाई, नाचायला खाली येतेस का?" आणि ती म्हणायची, "तुझ्याबरोबर? त्यापेक्षा मी त्या डुकराबरोबर नाचेन." हसायची. मग काच वर करायची आणि तिचे डोळे वाहायचे.

मार्चमध्ये त्यांनी माळ जाळला, तीस-पस्तीस वर्षांनी. माळ इतका उघडा झाला की पलीकडची पवनचक्की दिसू लागली. एप्रिलमध्ये टेकडीवर एक कोंबडा आला. एकटाच. त्याने पिशव्या फुगवल्या, पाय आपटले, चारी दिशांना वळून वळून आवाज दिला. बघायला एकही कोंबडी नव्हती. तो महिनाभर रोज नाचला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पक्षी मरताना बघितले आहेत, पण इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या एप्रिलमध्ये तोही आला नाही. जवळचा थवा आता वीस मैलांवर आहे, मधे नुसती मक्याची शेतं. मार्लीन म्हणते, गवत तयार आहे, वाट बघायची. गवत सुंदर आलंय. वाऱ्यावर लाटा उठतात. त्यात कुणी नाही.

लँबर्ट गेला. एमिल ऐंशीच्या पुढे आहे. तरी एप्रिलमध्ये रोज पहाटे तो मला पाठीशी घेऊन टेकडीपाशी जातो, इंजिन बंद करतो, काच खाली करतो आणि ऐकतो. ऊन वर आलं की परत फिरतो. अल्बिनाला आता घराबाहेर पडवत नाही. ती स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी काठी टेकून उभी असते.

"किती?" ती विचारते.

त्या पहिल्या रिकाम्या पहाटे एमिल गाडीतून उतरलाच नाही पटकन. आयुष्यात कधी एक पक्षी वाढवून सांगितला नव्हता त्याने. लँबर्टलासुद्धा नाही.

"चार," तो म्हणाला.

"कोंबड्या?"

"दोन होत्या. लांब बसल्या होत्या."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. तेव्हापासून रोज हेच चालू आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काळजी घेण्याविषयी काहीतरी सांगायचं असतं. मला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण कुणाचं भलं करायला निघाल तेव्हा तो कसा जगतो, हे आधी नीट बघा. आपल्याला जे आवडतं ते त्याच्या अंगणात लावू नका. आणि चूक समजली की त्याच दिवशी बोला. दोन वसंत गप्प बसू नका. आमच्याकडे पाच पक्षी त्या दोन वसंतांत गेले.

आणि एक विनंती. कधी लूप नदीच्या बाजूला आलात तर आमच्या घरी नक्की या. अल्बिना तुम्हाला कोलाचे खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाही. खाता खाता ती विचारेल, टेकडीवरून आलात का, किती होते.

चार सांगा.