सीमानाक्यावरच्या वजनकाट्याची कैफियत

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याच्या हातातला नव्हे, अख्खा ट्रक अंगावर घेणारा! मित्रांनो, दोन शेजारी देशांच्या सीमानाक्यावर मला जमिनीत बसवलं, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! किलोभराचीही चूक करत नाही म्हणून कारकून माझं कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

पण त्याच अचूकपणाने डोक्याला ताप दिला. पलीकडून टोमॅटोचे ट्रक येत. आधी तिकडच्या काट्यावर वजन, मग दोन दिवस रांग, मग माझ्यावर वजन. उन्हात उभा राहिलेला टोमॅटो सुकणार, गळणारच. वजन कमी भरलं की कारकून चौकशी लावत. चौकशीत आणखी दोन दिवस जात आणि फेरवजनात माल आणखी घटलेला! त्यांच्या डोक्यात मात्र उजेड पडत नसे.

मग दोन्ही सरकारांनी मुक्त व्यापाराचा करार केला. एकमेकांच्या मालावरचा आयातकर माफ आणि तिकडचं वजन इकडे मान्य. मला कुलूप लागलं. खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. पण ट्रक अर्ध्या तासात पार होऊ लागले. नाक्याजवळच्या सॉसच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली. पूर्वी रिकामे परतणारे ट्रक आता सॉसच्या बरण्या घेऊन जाऊ लागले. तिकडच्या शेतांत आणि इकडच्या कारखान्यात, दोन्हीकडे माणसांच्या हाताला काम मिळालं.

आठ महिने बरे गेले. मग नवे साहेब आले. "करार आहे हो, पण आपली खात्री नको का करायला?" असं म्हणत त्यांनी माझं कुलूप काढलं, तेलपाणी केलं. झालं, पुन्हा रांग!

परवा तिकडचा एक मिशीवाला ड्रायव्हर तीन दिवस ताटकळून माझ्यावर आला. त्याची बहीण लग्न होऊन इकडे आलेली, त्याच कारखान्यात कामाला. ती धावतपळत फाटकाशी आली.

"दादा, आज माल पोचला नाही तर दुसरी पाळी बंद करणार आहेत. मी त्याच पाळीत आहे रे!"

साहेबांनी आकडा वाचला. "एकशे चाळीस किलो कमी. माल गेला कुठे?"

"साहेब, खाली बघा की. तुमच्याच काट्यावर गळतोय!"

लाल पाणी माझ्या फटींतून टपटपत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं. साहेब कागद चाळत म्हणाले, "इथे गळतीचा रकाना नाही," आणि ट्रक चौकशीसाठी बाजूला लावला.

पाळी बंद झाली. ती बाई भावाला जेवणाचा डबा देऊन गेली होती; काल तो रिकामा डबा परत न्यायला आली, तेव्हा भावाचा ट्रक तिथेच उभा होता.

मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्हाला विनवतात की आमची निगा राखा. माझं गाऱ्हाणं उलटं आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या या नाक्यावर साहेब झालं, तर कृपा करून मला तेल घालू नका. मला खुशाल गंजू द्या, पण ट्रक जाऊ द्या.