बॅटरीविना धडधडणारी गाडी

चर्चमागच्या खडीच्या पटांगणात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पिकअपच्या टपांवर चढली होती. बाया पोरांना कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या. उकडलेल्या शेंगा विकणाऱ्याने विक्री थांबवून टोपी काढली होती. मधोमध माझ्या थोरल्या भावाची, व्हर्ननची, एकोणसत्तर सालची निळी गाडी उभी होती. बॉनेट उघडं, आठ सिलिंडरचं इंजिन गुरगुरतंय, आणि डिकीपाशी बाह्या दुमडून आमच्या चर्चचा उपदेशक, ब्रदर ऑर्विल स्टँप्स.

"ही लाल दांडी बघा!" ब्रदर ओरडला. "ही फिरवली की बॅटरी मेली! आणि बॅटरी मेली की इंजिनानं काय करायला हवं?"

"मरायला हवं!" गर्दी म्हणाली.

"बघू या मरतंय का!"

खट्. ब्रदरने दांडी फिरवली. इंजिन गुरगुरतच राहिलं.

"हॅलेलुया! कोण चालवतंय ही गाडी?"

"प्रभू!"

"वीज कोण देतंय?"

"प्रभू!"

"पेट्रोल कोण देतंय?"

"पेट्रोल मी भरलंय," मी म्हणालो. "सकाळीच."

आजूबाजूच्या दहाबारा माना माझ्याकडे वळल्या. माझी वहिनी शेजारी असती तर तिने मला तिथेच चिमटा काढला असता. ब्रदर मात्र हसला. या जातीची माणसं चिडत नाहीत, कीव करतात. "होलिस बंधू, तुझ्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो."

"करा. पण आधी एक सांगा. हा चमत्कार दाखवताना तुम्ही दर वेळी इंजिन आधी सुरू करता आणि स्विच मग फिरवता. कधी उलट का करत नाही?"

"बोलू दे रे त्याला, दारू प्यायलाय," मागून कुणीतरी म्हणालं. मी प्यायलो नव्हतो.

या स्विचचं प्रकरण काय आहे ते सांगतो. आमच्याकडे टेनेसीच्या डोंगरात प्रत्येक खोऱ्यात एक चर्च आणि एक सरळ डांबरी पट्टी असते. पट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि श्वास सोडायच्या आत निकाल लागतो. मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून बरेच जण बॅटरी पुढून काढून डिकीत टाकतात. म्हणून नियम असा, की ज्याची बॅटरी मागे त्याने गाडीच्या मागे, बाहेरून हात पोचेल असा मेन स्विच बसवायचा. गाडी उलटली, पेटली, चालक आत अडकला, तर धावत आलेल्या माणसाने दांडी फिरवावी आणि सगळं बंद व्हावं. इंजिन, पेट्रोलचा पंप, सगळं. दांडी फिरवूनही पंप चालू राहिला तर तो आगीत पेट्रोल ओततच राहणार.

हे व्हर्ननला कुणी शिकवायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी तो याच पट्टीवर, याच गाडीत भाजला होता. हाताची बोटं आजही पुरती मिटत नाहीत त्याची. तो इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा उशाशी ब्रदर बसलेला. "व्हर्नन, प्रभूनं स्वतःच्या हातानं तुझं इंजिन बंद केलं." वेदनेत पडलेल्या माणसाच्या कानात जे पहिलं घालाल ते मुरतं. तेव्हापासून माझा भाऊ ब्रदरचा.

मी त्याला एकदा विचारलंही, "तेव्हा प्रभूनं इंजिन बंद केलं आणि आता चालू ठेवतो? त्याचं एक काय ते ठरू दे ना!" भावाने मला आठवडाभर घरात घेतलं नाही.

आता गाडी नव्याने बांधून झाली होती आणि ती चालवणार होती व्हर्ननची लेक, डार्ला. पोरगी कामाला चोख. पटांगणातून परतल्यावर गॅरेजमध्ये तिने दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी एकेक गोष्ट हाताखालून घातली. चालकाला सीटला बांधणाऱ्या पट्ट्यांची मुदत बघितली. ॲक्सिलरेटर परत खेचणाऱ्या दोन्ही स्प्रिंगा ओढून पाहिल्या. शाफ्ट तुटला तर जमिनीत रुतू नये म्हणून खाली बसवलेलं कडं हलवलं. चाकांचे नट आवळले. मग ती डिकीशी वाकली.

"तिथं हात लावायचा नाही," व्हर्नन म्हणाला. "तो स्विच ब्रदरनं बसवलाय. तेल लावून, प्रार्थना करून. तारा उचकायच्या नाहीत."

"बाबा, आत मी बसणार आहे."

"म्हणूनच."

डार्लाने माझ्याकडे पाहिलं. मी तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच चावत राहिलो. भावाशी भांडून काही होणार नव्हतं. त्याला डोळ्यांदेखत दाखवायला हवं होतं.

पट्टीवरचा जुना तपासनीस ब्रदरच्याच चर्चचा. स्विच दिसला की तो पुढे जायचा. या हंगामात त्याच्या जागी इमोजीन क्रॅबट्री आल्या होत्या, हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई. पास झालेल्या गाडीच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने नंबर लिहायची आमच्याकडची रीत आहे. बाईंच्या हातात त्या पॉलिशची बाटली होती. ब्रदर, त्याची मंडळी आणि शेंगावाला असे सगळे दुसऱ्या दिवशी तपासणीच्या शेडपाशी जमले होते.

"इंजिन चालू कर, पोरी," बाई म्हणाल्या. मागे गेल्या. दांडी फिरवली. इंजिन धडधडत राहिलं.

"हॅलेलुया!" शेड दुमदुमली.

"नापास," बाईंनी बाटलीला टोपण लावलं.

"बाई!" ब्रदर गरजला. "तुम्ही पवित्र आत्म्याला नापास केलंत!"

"आत्मा तपासायचं काम माझ्याकडे नाही. स्विच तपासायचं आहे, आणि तो चालत नाही."

गर्दीतून शिव्या सुरू झाल्या. व्हर्ननचा चेहरा लाल झाला. "डार्ला, गाडी ट्रेलरवर चढव. जुन्या विमानतळावर आज शर्यती आहेत. तिथं असली तपासणी नाही."

तिथं तपासणी नाही, आणि आगीचा बंबही नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. डार्लाने स्टिअरिंग घट्ट धरलं, पण बापाला नाही म्हणायला तिचं तोंड उघडेना. मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो.

"व्हर्नन, आधी एवढं बघ. मग कुठंही जा. डार्ला, किल्लीनं इंजिन बंद कर." ते बंद झालं. मागची दांडी बंदच होती. "आता सुरू कर. प्रभू वीज देतोय ना? बॅटरीची गरज काय?"

तिने किल्ली फिरवली. टिक् नाही की टुक् नाही.

"आत्मा कुणाच्या परीक्षेला बसत नाही!" ब्रदर म्हणाला.

"काल संध्याकाळी बसला होता की! तिकीट लावायचं तेवढं राहिलं होतं!"

शेंगावाला हसला. त्या शेडमधलं पहिलं हसू ते.

मी पाना घेतला आणि इंजिनाच्या पुढचा, अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट काढून जमिनीवर टाकला. स्विच परत चालू केला. डार्लाने इंजिन सुरू केलं, ते छान चाललं. मग मी ब्रदरला म्हणालो, "या, तुमच्या हातानं फिरवा. हात पवित्र आहे तुमचा."

तो जागचा हलला नाही. तेव्हा इमोजीनबाईंनी दांडी फिरवली. इंजिन तत्क्षणी बंद पडलं.

"सायकलचा डायनामो बघितलाय?" बाई गर्दीकडे वळल्या. आता त्या वर्गात होत्या. "चाक फिरतं, दिवा लागतो. गाडीतही तसाच एक असतो, त्याला अल्टरनेटर म्हणतात. इंजिन त्याला फिरवतं, तो वीज करतो, ती वीज इंजिनाला ठिणगी देते. एकदा सुरू झालं की बॅटरी काढली तरी इंजिन आपल्याच विजेवर चालतं. या स्विचमधून फक्त बॅटरीची तार नेली आहे. अल्टरनेटरची तार परस्पर गाडीला जोडली आहे. नवशिके ही चूक नेहमी करतात."

"चूक झाली असेल," ब्रदर चटकन म्हणाला. "मी साधा देवाचा माणूस."

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण ब्रदर, तुमची स्वतःची गाडी मी सकाळीच पास केली. दांडी फिरवली आणि ती गप्प झाली. तार अगदी बरोबर जोडली आहे तुम्ही. तुमच्याच गाडीवर आत्मा रुसला का?"

सगळ्यांनी रांगेत उभ्या ब्रदरच्या पिवळ्या गाडीकडे पाहिलं. काचेवर पांढरा नंबर चमकत होता. स्वतःच्या जिवासाठी तार, दुसऱ्याच्या लेकीसाठी प्रार्थना! ब्रदरने काहीतरी पुटपुटत टोपी उचलली. त्याला वाट द्यायला कुणी सरकलं नाही. त्याला ट्रेलरच्या कडेने अंग चोरून जावं लागलं.

व्हर्नन बेल्टकडे बघत होता. "मग त्या दिवशी..." तो म्हणाला. "त्या दिवशी माझं इंजिन कुणी बंद केलं?"

मी बंबाकडे बोट दाखवलं. पायरीवर लेस्टर बॉग्ज कॉफी पीत बसला होता. आमच्या पट्टीवरचा बचाववाला. आगीत शिरून दांडी त्याने फिरवली होती. भुवया धड उगवल्याच नाहीत त्याच्या तेव्हापासून.

"तू कधी बोलला नाहीस," व्हर्नन त्याला म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस," लेस्टर म्हणाला. "आणि तू इतका खूश होतास देवावर."

दुपारपर्यंत तार बदलून झाली. अल्टरनेटरची जाड तार आम्ही मागे नेली आणि स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडली. डार्ला नट आवळत होती आणि व्हर्नन न मिटणाऱ्या बोटांनी तार धरून होता.

लोक मला अजून विचारतात, होलिस, तुझा देवावर राग का? देवावर नाही. देवाचं नाव घेऊन दुसऱ्याच्या पोरीला आगीत बसवणाऱ्यावर राग आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्या तुमच्यावरही आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. त्याला म्हणा, आता उलट्या क्रमाने करून दाखव. म्हणा, ही एक वस्तू काढून दाखव. म्हणा, तुझ्या घरी तू काय वापरतोस ते दाखव. एवढं विचारायला शाळा लागत नाही. मीही फार शिकलेलो नाही. लाज सोडावी लागते, बस.

बाईंनी पुन्हा इंजिन सुरू करायला सांगितलं. मागे मात्र त्या गेल्या नाहीत. त्यांनी लेस्टरला बोलावलं. लेस्टरने कॉफी खाली ठेवली, येऊन दांडी फिरवली.

इंजिन थांबलं. पंपाची घरघर थांबली. शेडमध्ये इतकं शांत झालं, की काचेवर पॉलिश घासल्याचा आवाज ऐकू आला.

"आमेन," व्हर्नन म्हणाला, आणि लेस्टरचा हात त्याने बराच वेळ सोडला नाही.