खूण नसलेला चिमटा

मित्रांनो, मी निखारे उचलायचा चिमटा नव्हे. मी शस्त्रक्रियेचा चिमटा. रक्त वाहू लागले की ती रक्तवाहिनी दाबून धरणे हे माझे काम. सियालकोटच्या उस्ताद सिराजदीन यांच्या कानशीखाली मी घडलो. आता बराच जुना झालो आहे, पण मला गंज चढलेला नाही. चढला असता तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

माझ्याआधीचे चिमटे मधोमध खिळ्याने पक्के जोडलेले असत. त्या सांध्यात रक्त अडकून बसे. कितीही उकळा, निघत नसे. मग पुढच्या रोग्याची जखम चिघळे. दवाखान्यातली सिस्टर मार्था दुरुस्तीची हत्यारे घेऊन आली की हेच सांगून हळहळे. उस्तादांनी ते मनावर घेतले. दोन वर्षे खपून त्यांनी असा सांधा काढला, की माझे दोन्ही भाग सुटे करावेत, धुऊन उकळावेत आणि पुन्हा अडकवावेत. असे आम्ही सहा भाऊ घडलो. डॉक्टरसाहेबांनी उस्तादांच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा माझाच ऊर भरून आला.

आम्ही हाताने घासून बनवलेले. प्रत्येक भाग फक्त आपल्या जोडीदाराशीच नीट बसे. दुसऱ्याशीही अडके, पण पकड कच्ची राही.

मार्था म्हणाली, “उस्ताद, जोड्यांवर नंबर ठोकून द्या ना. धुताना सगळे सुटे होणार.”

“नंबर टांग्याला असतो, सिस्टर!” उस्ताद हसले. “माझ्या हातच्या जोड्या आंधळासुद्धा ओळखेल.”

त्यांना स्वतःला खरोखरच ओळखू येत. नुसते बोट फिरवले की पुरे.

करमबीबी ही उस्तादांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचे मोठे केले होते. तिच्या गळ्यावरची गाठ वाढून श्वास कोंडू लागला होता. शस्त्रक्रियेचे नाव काढले की ती उठून जाई. भावाच्या नव्या चिमट्यांचे कौतुक ऐकून मात्र ती तयार झाली.

“गळा माझा, चिमटा तुझा,” निघताना ती म्हणाली. “घट्ट धर म्हणावं त्याला. नाहीतर वर जाऊन अम्माला तुझं नाव सांगेन, सिराज.”

“आपा, काहीतरीच काय बोलतेस!”

त्या सकाळी माझा एक भाग दुसऱ्याच भावाच्या भागाशी जोडला गेला. मला ते कळत होते, पण ओरडायला तोंड नव्हते. डॉक्टरांनी मला मोठ्या वाहिनीवर लावले. मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो, मित्रांनो, तरी घसरलो. दुसरा चिमटा लागेपर्यंत फार रक्त गेले होते. करमबीबी टेबलावरच गेली.

दफन झाल्यावर उस्ताद दवाखान्यात आले. मला हातात घेऊन त्यांनी सांध्यावरून बोट फिरवले आणि जोडी चुकल्याचे त्यांना लगेच कळले.

मार्था रडत होती. “मीच जोडला तो. सगळे सारखेच दिसत होते, उस्ताद. माझ्या हातून आपा गेली.”

“देवाची मर्जी,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“त्याच्यावर ढकलू नका, साहेब. आणि हिच्यावर तर नकोच. ही माझी मिजास आहे. पोरगी नंबर मागत होती आणि मी हसलो.”

मार्थाने शस्त्रक्रियेच्या खोलीत जाणे सोडले. उस्ताद मात्र पुन्हा कानस घेऊन बसले. काही महिन्यांनी ते नवे सहा चिमटे घेऊन तिच्या दारी गेले. प्रत्येक जोडीवर नंबर होता आणि प्रत्येकीची खाच निराळी होती.

“चुकीची जोडी लाव, बेटी.”

ती हात लावेना.

“लाव. जोर कर.”

तिने रडत रडत सगळे भाग उलटसुलट करून पाहिले. एकही चुकीचा भाग अडकला नाही.

“आता तुझ्या हातून चूक व्हायचीच नाही,” उस्ताद म्हणाले. “हे आधी करायला हवं होतं गं.”

दुसऱ्या दिवशी मार्था कामावर गेली. त्या चिमट्यांनी अनेक जीव वाचवले, उस्तादांची वाहवा झाली. मला मात्र त्यांनी तसेच विजोड ठेवले, आपल्या कामाच्या जागेसमोर.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही बनवाल. ते वापरणारा घाईत असेल, थकलेला असेल, त्याला तुमच्याइतके कळत नसेल. त्याने काही सुचवले तर हसू नका, ऐका. आकडा ठोकायला हातोडीचा एक घाव पुरतो. तो न ठोकल्यामुळे एक बहीण गेली, आणि तिची माफी मागायची राहिली म्हणून एक भाऊ मरेपर्यंत झुरत राहिला.