गुड्डीच्या शाळेतला उतार

माझी बायको नलिनी जाऊन पाच महिने झाले. गुड्डीला उचलून शाळेच्या पाच पायऱ्या तीच चढायची. आता मी चढवतो. पण पुढच्या महिन्यापासून मसाटच्या कारखान्यात माझी सकाळी सातची पाळी. शेजारच्या चंदाताई चाकाची खुर्ची फाटकापर्यंत ढकलतील, अकरा वर्षांची पोर त्यांना उचलणार नाही. म्हणजे शाळा बंद.

शाळेला रॅम्प आहे. कायद्याने हवाच, म्हणून गेल्या वर्षी बांधला. गवंडी कारखान्यांत माल चढवायचे रॅम्प बांधणारा. त्याने तसाच बांधला, आखूड आणि उभा. दोन माणसं ट्रॉली ढकलतात, तसा. गुड्डी एकटी निम्म्यावर जाते आणि खुर्ची मागे येते.

शनिवारी पालकांची बैठक झाली. मुख्याध्यापक प्रभाकर सर म्हणाले, "रॅम्प नवा केला तर यंदा पंखे होणार नाहीत. अनुदान एवढंच आहे."

"एका पोरीपायी चाळीस पोरं उकडून काढायची का, सर?" झुंबर म्हणाला. कारखान्यात आम्ही एकाच खात्यात आहोत.

"कायदा डोकी मोजत नाही, झुंबरभाऊ. पण पंखेही लागतातच."

मी खिडकीबाहेर पाहिलं. उन्हात नलिनी होती. पदर खोचून अंगणात टाचेला अंगठा लावत चालत होती, एकेक पाऊल मोजत. हल्ली ती दिसते. मी कुणाला सांगत नाही. फाटकाजवळ पोचली, वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी उभा राहिलो. "एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. पायऱ्या अडीच फूट. तीस फूट रॅम्प पाहिजे, फाटकापर्यंत बसतो. जुना मी फोडतो, नवाही मीच बांधतो. मजुरी नको. फक्त सिमेंट-रेती घ्या, उरतील त्यात पंखे."

"वहिनी होत्या तेव्हा बैठकीत नुसता चहा पिऊन जायचास," झुंबर म्हणाला. "एकटा फोडणार? दिवाळी येईल. रविवारी घण आणतो मी. पण माझ्या पोराच्या वर्गात पंखा पहिला!"

सर हसले आणि लिहून घेतलं.

महिनाअखेर नवा रॅम्प तयार झाला. पाळी बदलली त्या दिवशी शाळेच्या वेळी मी कारखान्यात माल चढवत होतो. यंत्रांचा आवाज लांब गेल्यासारखा वाटला. डोळ्यांपुढे नुसता एक लांब उतार होता, पांढरा, संपतच नव्हता, आणि त्यावर कुणी दिसत नव्हतं.

घरी आलो. गुड्डी भात खात होती.

"चढलीस?"

"हो. मग उतरले. परत चढले."

"का गं?"

"असंच, पप्पा."