दोन गावे आणि माझ्या पोटातले पाणी

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. जुना म्हटल्यावर लगेच माझी कीव करू नका. माझे बूच अजून घट्ट बसते, अंगावरचे कातडे कुठेही उसवलेले नाही, आणि एक लिटर पाणी मी आजही तितक्याच ऐटीत बाळगतो. एका कुटुंबाने कुठल्या गावी राहायला जावे, हा प्रश्न एकदा माझ्यावर सोपवला गेला होता. तो कसा सुटला, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका काचेच्या आत दुसरी काच, दोन्हींच्या मधली हवा काढून टाकलेली, आणि आतून आरशासारखा चकचकीत मुलामा. तिथून मी मोंतेविदेओ शहरातल्या, बंदराजवळच्या एका दुकानात आलो. एल्बियो नावाच्या तरुणाला बंदरावर क्रेन चालवण्याचे काम मिळाले, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी वर्गणी काढून मला विकत घेतले आणि त्याच्या काखेत दिले. त्या काखेतच माझे आयुष्य गेले. आमच्या उरुग्वेत माणूस घराबाहेर पडतो तो डाव्या काखेत थर्मास आणि उजव्या हातात माटेची वाटी घेऊनच. वाळलेल्या भोपळ्याच्या त्या वाटीत कडू पाल्याचा चुरा भरायचा, त्यावर माझ्यातले गरम पाणी थोडे थोडे ओतायचे आणि धातूच्या नळीने ओढायचे. वाटी एकच आणि पिणारे अनेक. वाटी फिरत राहते आणि गप्पाही फिरत राहतात.

बंदरावर माझा मान मोठा होता. एल्बियो क्रेनच्या खोलीत उंच बसायचा आणि मी त्याच्या पायाशी. खाली उतरला की दहा जण माझ्याभोवती जमायचे. "एल्बियोच्या थर्मासातला शेवटचा घोटसुद्धा पहिल्यासारखा लागतो," असे ते म्हणायचे. ही स्तुती मी विसरलेलो नाही. एकदा मी शिडीवरून पडलो आणि माझ्या आतल्या काचेचा चुरा झाला. सगळे म्हणाले, टाकून दे. एल्बियोने टाकले नाही. नवी काच आणून त्याने स्वतःच्या हाताने बसवली. म्हणून सांगतो, माझे कातडे पहिले आहे आणि काळीज दुसरे.

त्या लोकांची अंतरे मोजायची एक रीत होती. रस्त्यात माटे पीत जायचे आणि थर्मासात किती पाणी उरले ते बघायचे. एल्बियो म्हणायचा, "घर कामापासून एका थर्मासाच्या आत असावं. दुसरा थर्मास भरावा लागला, तर ते घर नव्हे, परगाव."

मग एल्बियो निवृत्त झाला, त्याची बायको वारली, आणि घरात स्टीलचा मोठा थर्मास आला. तो पडला तरी फुटत नाही, म्हणून त्याचे कोण कौतुक! मला बूच लावून कपाटात ठेवले. कोरड्या पोटी, बंद तोंडाने कोंडून ठेवले की आम्हाला कुबट वास येतो. तो मलाही आला. पण मी खचलो नाही. काचेला घाई नसते.

घरात तिघेच राहत होते. एल्बियो, त्याचा मुलगा आदेमार आणि सून निबिया. आदेमार शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करी, आणि निबिया इस्पितळाच्या धुलाईघरात होती. एका शरद ऋतूत घरमालकिणीने सांगितले, "माझ्या भाच्याचं लग्न ठरलंय. घर त्याला हवंय." शहरात दुसरे घर परवडण्यासारखे नव्हते. आसपासच्या एखाद्या गावी जायचे आणि रोज बसने शहरात यायचे, एवढाच मार्ग उरला.

"सालिनासला जाऊ," आदेमार म्हणाला. "समुद्र आहे, पाइनची झाडं आहेत. कामावरचा सोबती त्याचं घर भाड्याने द्यायला तयार आहे."

"आणि लास पिएद्रासला माझ्या मैत्रिणीच्या भावाचं घर रिकामं आहे," निबिया म्हणाली. "भाडं तेवढंच."

"तिथे काय आहे? द्राक्षांचे मळे आणि चिखल!"

"चिखल धुता येतो. धुलाईवालीला सांगतोस?"

म्हातारा एल्बियो उठला, त्याने कपाट उघडले, मला बाहेर काढले आणि उकळत्या पाण्याने तीनदा विसळले. "थर्मास लावून बघू," एवढेच म्हणाला.

"बाबा, स्टीलचा घे ना. त्यात जास्त मावतं."

"त्या पिंपाने मोजलं तर ब्राझीलसुद्धा जवळ निघेल."

अशी माझी कपाटातून सुटका झाली.

रविवारी आम्ही सालिनासला गेलो. बस निम्मी रिकामी होती. आदेमार खिडकीशी बसून माटे करत होता आणि वाटी तिघांत फिरत होती. उतरलो तेव्हा मी निम्म्याहून जास्त भरलेला होतो.

"बघा!" आदेमारने मला हलवून दाखवले. "अर्धासुद्धा संपला नाही. अर्ध्या थर्मासाचं गाव!"

घर खरोखरच सुंदर होते. अंगणात पाइनची झाडे होती आणि मागून समुद्राचा आवाज येत होता. आदेमार अंगणाच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिला. लहानपणी बंदराच्या भिंतीवरून बघितलेला समुद्र आता दारात येणार होता. मला त्याचा राग आला नाही. असे घर कोणालाही आवडले असते.

एल्बियो मात्र मला काखेत मारून गल्ल्यांतून फिरला. खिडक्यांना फळ्या लावलेल्या, फाटकांना साखळ्या घातलेल्या. एका अंगणात एक माणूस पाइनची गळलेली पाने झाडत होता.

"काय शेजारी," एल्बियोने विचारले, "इथे कोण कोण राहतं?"

"उन्हाळ्यात म्हणाल तर सगळे. आत्ता मी आणि हा कुत्रा."

"कुत्रा गुणी दिसतोय."

"असेल. पण तो माझा नाही. कुणाचा आहे तेही माहीत नाही."

बंद घरांची राखण करणाऱ्या त्या माणसाला अजून बरीच अंगणे झाडायची होती. एल्बियो एका कठड्यावर बसला आणि स्वतःच ओतून स्वतःच प्यायला. माझ्या आठवणीत असे कधीच झाले नव्हते.

परतताना तो म्हणाला, "तुम्ही दोघं इथे खुशाल या. मी वृद्धाश्रमात नाव घालतो. तिथे पत्त्यांना चौथा गडी तरी मिळेल."

"काहीतरीच काय बोलतोस बाबा!" आदेमार चिडला. "एवढा मोठा समुद्र आहे सोबतीला."

"समुद्र माटे पीत नाही."

निबियाने दोघांकडे बघितले. सासऱ्याला वृद्धाश्रमात धाडून समुद्राकाठी राहायचे, हे तिच्या गळी उतरणारे नव्हते. पण नवऱ्याचा आनंद मोडायचा तर कारण तसे पक्के हवे. ती म्हणाली, "रविवारी सगळीच गावं जवळ असतात. कामाच्या दिवशी बघू. घराची किल्ली माग, एक रात्र राहू."

मंगळवारी सकाळी आम्ही त्या घरातून निघालो. एल्बियोने मला गळ्यापर्यंत भरले होते. थांब्यावर पहिली बस थांबलीच नाही. दुसरी थांबली, पण दारातली माणसे आत सरकेनात. तिसरीत आम्ही घुसलो. पोटातले पाणी हलत नाही असे तुम्ही म्हणता ना, मित्रांनो? त्या बसमध्ये माझ्या पोटातले पाणी खरोखरच हलले नाही. हलायला जागाच नव्हती.

"आजोबा," एक बाई कळवळली, "तुमचा थर्मास माझ्या बरगडीत शिरलाय!"

"त्याला सांगितलं असतं बाई, पण तोही अडकलाय."

"मग दोघं मिळून उतरा!"

"उतरतो की. दार कुठे दिसलं तर सांगा."

शहरात पोचेपर्यंत निबियाच्या इस्पितळातली घंटा होऊन गेली होती, आणि आदेमारचा मुकादम घड्याळाखाली हाताची घडी घालून उभा होता. आदेमारने घाईघाईने माझे बूच काढले. मी काठोकाठ भरलेला.

"बघ बाबा!" त्याचा चेहरा उजळला. "एक घोटही संपला नाही. म्हणजे गाव रविवारपेक्षाही जवळ!"

"म्हणजे तुझा हात माझ्या काखेपर्यंत पोचला नाही," एल्बियो म्हणाला. "पाणी उरलं म्हणून गाव जवळ होत नाही, पोरा."

"होईल सवय."

"तुम्हाला होईल. मी कशाची सवय करू? त्या कुत्र्याची? तोही दुसऱ्याचा."

त्या रात्री आदेमारने समुद्राचा विषय काढला नाही, आणि लास पिएद्रासची किल्ली निबियाने आणली तेव्हा नाहीही म्हटले नाही.

त्या घरात आम्ही गुरुवारी रात्री मुक्काम केला. ते बसके, साधे घर होते. मागे द्राक्षांचा मांडव होता, आणि त्यावरची पाने पिवळी पडून गळत होती. शुक्रवारी सकाळी निबियाने शेगडी पेटवली तर सिलिंडर रिकामा.

"झालं!" आदेमार म्हणाला. "पाणीच नाही तर मोजणार काय?"

"समोरून आणतो," म्हणत एल्बियो मला घेऊन बाहेर पडला. "तुम्ही कपडे करा."

समोरच्या फाटकात सुल्मा नावाची एक धिप्पाड बाई बाकावर बसली होती. शेजारी तिचा भाऊ दार्दो बसला होता. द्राक्षदारूच्या कोठारात कामाला नेणाऱ्या ट्रकची वाट बघत होता.

"काय हो शेजारी," सुल्मा म्हणाली, "इतक्या सकाळी?"

"मी अजून शेजारी नाही बाई. घर बघायला आलोय. थोडं गरम पाणी मिळेल का?"

"पाणी मागायला आलात ना? मग झालात शेजारी. बसा."

"बसायला वेळ नाही. हा थर्मास बसमध्ये न्यायचाय."

"उभ्या माणसाला मी पाणी देत नाही. दार्दो, सरक."

दार्दो सरकला आणि एल्बियो बसला. सुल्माने मला भरले, पण ती मला परत द्यायचे सोडून तिथेच ओतायला लागली. वाटी एल्बियोकडे आली. मग दार्दोकडे. मग फाटकाशी थांबलेल्या पाववाल्याकडे. बोलता बोलता एल्बियोने बंदराचा विषय काढला, तसे दार्दोने विचारले, "बंदरावर होतात? म्हणजे गोठवलेलं मांस नेणारं ते मोठं जहाज कलंडलं तेव्हा तुम्ही होतात का?"

"होतो म्हणजे? मी वर होतो. क्रेनमध्ये!"

"थापा."

"थापा? या थर्मासाला विचारा!"

मित्रांनो, मी त्यावेळी दुकानातसुद्धा आलेलो नव्हतो, म्हणजे एल्बियोही अजून क्रेनवर चढलेला नव्हता. पण एल्बियोच्या आवाजात इतक्या वर्षांनी वारा भरला होता. मी कशाला मध्ये बोलू? आमच्याकडे माटे नको असला की 'आभारी आहे' म्हणून वाटी परत करतात, म्हणजे पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. एल्बियो ते शब्द काही उच्चारीना.

आदेमार आणि निबिया तयार होऊन बाहेर आले. कोपऱ्यावर बस उभी होती. ती तिथूनच सुटते, त्यामुळे आतल्या जागा रिकाम्या दिसत होत्या.

"बाबा, चल! थर्मास दे."

एल्बियोने मला उलटा धरला. एकच थेंब पडला.

"रिकामा?" आदेमार ओरडला. "अजून निघालोसुद्धा नाही! तुझ्या हिशेबाने तर हे गाव चंद्रावर आहे."

"हिशेब चुकला असेल. तुम्ही जा. मला जहाजाची गोष्ट पुरी करायचीय."

"अहो, जाऊ द्या पोरांना," सुल्मा म्हणाली. "आणि ए सूनबाई, संध्याकाळी सिलिंडरवाला येतो, त्याला थांबवून ठेवू का?"

"ठेवा," निबिया पटकन म्हणाली. आदेमारने तिच्याकडे बघितले, पण बस सुटत होती.

ती दोघे बसमध्ये बसून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळी परत आली तेव्हा अजून उजेड होता. आदेमारच्या गालावर खिडकीच्या चौकटीचा वळ होता. बहुधा सबंध रस्ता झोपून आला असावा. हे सगळे मी सुल्माच्या फाटकातून पाहिले, कारण एल्बियो मला तिथेच विसरून गेला होता.

"बाबा कुठे आहेत?" निबियाने सुल्माला विचारले.

"गेले की मघाशी. पाववाल्याकडे बघा."

आदेमारने मला काखेत घेतले. पाववाल्याने क्लबाच्या मैदानाकडे बोट दाखवले. मैदानावर म्हातारी मंडळी लाकडी चेंडू फेकत होती, पण त्यांच्यात एल्बियो नव्हता. "तो नवा? बंदरवाला? त्याला दार्दोने घरी नेलंय. आमचा चौथा गडी पळवला हो त्याने!" त्यांतला एक म्हणाला. शेवटी पलीकडच्या गल्लीत, दार्दोच्या घरच्या मांडवाखाली एल्बियो सापडला. हातात पत्ते होते, आणि समोरच्या माणसाशी त्याचे जोरजोरात भांडण चालले होते.

आदेमार फाटकापाशी थांबला. दमला होता, भूक लागली होती. तो पुटपुटला, "आता रोज कामावरून आल्यावर याला असं घरोघर शोधत फिरायचं की काय?"

"हो," निबिया म्हणाली. "रोज."

आदेमारने थोडा वेळ बापाकडे बघितले. मग आत जाऊन मला टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "कुणी हा भरून देईल का? घरी सिलिंडर लावेपर्यंत मीही बसतो."

मित्रांनो, तेव्हापासून आम्ही लास पिएद्रासचे आहोत. समुद्राला आम्ही रविवारी भेटतो. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे की आमच्यासारख्या काचेच्या जिवांना कपाटात ठेवलेच तर बूच काढून ठेवा, म्हणजे श्वास घेता येतो. आणि घर बदलायची वेळ आली, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रविवारी नको, कामाच्या दिवशी तिकडे न्या. त्याला सकाळीच एकट्याला गल्लीत सोडा. तो लवकर परत आला तर दुसरे गाव बघा.